चीनहून आलेली डॉक्टरीणबाई

पहिल्या खेपेला मी दोन दिवस अडले होते. सासूबाईंना वैद्यकीतलं सगळं कळायचं, एक बाळंतपण सोडून.

"जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात न्यायची न्हाई," त्यांनी बजावलं. "ते लोक माणसाचे डोळे काढून औषध करतेत. बिलकुल खरं हाय, पाटलीणबाईनं सांगितलं."

पाटलीणबाईंनी जालना कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळं बातमी पक्कीच होती.

तरी नवऱ्यानं बैलगाडी जुंपली आणि कुंभार पिंपळगावाहून मला जालन्याला आणलं. माझ्या डोळ्यांवर पहारा ठेवायला सासूबाई सोबत आल्याच.

तिथली गोरी डॉक्टरीण आधी चीनमध्ये अशाच एका दवाखान्यात होती. दुपारपर्यंत तिनं मला आणि माझ्या मुलीला, दोघींना वाचवलं. सासूबाईंनी आधी माझे डोळे पाहिले, मग नातीचे. चारही जागेवर होते. त्या जरा नाराजच झाल्या.

चार दिवसांनी मी धीर करून डॉक्टरीणबाईला या अफवेबद्दल विचारलं. ती पोट धरून हसली.

"चीनमधे पण हेच बोलायचे! आम्ही भाड्याच्या घरात दवाखाना उघडला. सहा महिने कोणी आलं नाही. मग मोठ्या अंमलदाराची आई आजारी पडली. सगळे वैद्य हरले, तेव्हा तिला आणलं. ती बरी झाली. दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी!"

अंमलदाराच्या आईला देवानं वेळेवर आजारी पाडलं, नाहीतर चिनी लोक अजून घरीच मरत राहिले असते.

"मग तिथं मोठी इमारत झाली," ती सांगत होती. "गावातल्या मुली शिकून नर्स झाल्या. आणि लढाई आली. फौजेनं वॉर्डात घोडे बांधले."

सासूबाई इतका वेळ भिंतीकडं तोंड करून, ऐकत नसल्याचं सोंग घेऊन बसल्या होत्या. त्या वळल्या.

"अन् आजारी माणसं?"

"पाठीवर घेऊन डोंगरात गेलो. सगळी पोचली नाहीत."

मग सासूबाईंनी आपल्या घोंगडीवर जागा केली. "बसा बाई जरा. सकाळपासून उभ्याच हायेत तुम्ही."

गावी परतल्यावर मात्र मला सासूबाईंच्या तोंडून नवीनच हकिकत ऐकायला मिळाली. "मीच म्हणलं, जल्दी मिशनला चला. हे दोघं तर ऐकून नव्हते राह्यले!" नवरा गप्प बसला. त्याला त्याच घरात राहायचं होतं.

पुढच्या वर्षी पाटलीणबाईंची सून अडली. गाडी आमचीच गेली. पुढं सासूबाई, गाडीवानाला रस्ता सांगत.