दुसरीच्या हातातली साडी

दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग घातला तरी मला त्यातली एकही नको असते. शेजारच्या बाईने एक उचलून बाजूला ठेवली, की नेमकी तीच हवी होते. इतकं साधं माझं दुखणं, पण ते कळायला नागपूरची डॉक्टरबाई लागली. ती म्हणाली, घ्यावंसं वाटतं त्याच्या जरा आधी काय होतं तेवढं बघत जा. मी बघत गेले. दर वेळी समोर कुणाचा तरी हात होता.

आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. इथे घरं सारखी, बस सारखी, कुणाच्या नवऱ्याला पगार किती तेही साऱ्या लाइनीला पाठ. त्यामुळे समोरचीने नवं काही नेसलं की पोटात दुखायला हक्काचं कारण मिळतं. हिला परवडतं तर मला का नाही? मग मी भंडाऱ्याला जायची आणि तशीच, जमलं तर थोडी भारी, घेऊन यायची. घरी आणल्यावर मात्र तिच्याकडे बघावंसंही वाटायचं नाही. घडी न मोडलेल्या साड्यांनी कपाटं भरली, दिवाण भरला.

डॉक्टरबाईंनी पथ्यं दिली. मोबाइलवरची खरेदी बंद. बाजारात जायचं ते भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. काही आवडलं तर तसंच घरी यायचं, आठवड्याने आठवलं तरच परत जायचं. खरं सांगते, आठवतच नाही. मला वाटायला लागलं, मी बरी झाले.

तेवढ्यात मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलाकडची साडी नेसायच्या आधी अंगावर असते ती माहेरची, आणि ती आईने घ्यायची. नागपुरात नोकरी करणारी माझी मुलगी सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "आई, साडी घ्यायले मी मावशीसोबत जाऊन राहिली. तू नको येऊ."

"काहून? मी तुही आई नाही काय?"

"आहे ना. म्हणूनच म्हणते."

मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण, भंडाऱ्यातच दिलेली. चारच साड्या आलटून पालटून नेसते आणि त्यात छान दिसते, हेही मला सहन होत नाही. माझी पोर नागपूरहून येताना कित्येकदा आधी तिच्याकडे उतरते. आता साक्षगंधाची साडीही तीच घेणार म्हटल्यावर माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन दिवस रुसले, मग हट्ट धरला. येते, कशाला हात लावणार नाही, एक शब्द बोलणार नाही. बहीणच म्हणाली, "येऊ दे तिले."

दुकानात मी दोन्ही हात पदराखाली धरून बसले. मुलीने रुंद काठांची मोरपंखी साडी उचलली, खांद्यावर टाकली. "किती सुंदर आहे ना, मावशी?" झालं. मला नेमकी तीच हवी झाली. तिने ती बाजूला ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. अशीच दुसरी काढा, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. दुकानदाराने विचारलंही, "काकू, तुमाले दाखवू काही?" मी नाही म्हटलं. साडीच्या दुकानात मी नाही म्हणाले! बहिणीकडे मी जिंकल्यासारखं पाहिलं.

मग त्याने पिशवीत घातली ती साधी बदामी कोशाची, टसर रेशमाची साडी, बारीक किनारीची.

"भाऊ, ते नाही, मोरपंखी," मी म्हटलं.

मुलगी खाली बघत होती. बहीण हळूच बोलली, "तिले हेच पायजे होती, ताई. मोरपंखी तुह्यासाठी पुढं केली होती तिनं. तुहं मन तिकडं गुंतावं म्हणून."

ऑटोत बसल्यावर मुलगी म्हणाली, "मले आवडते ते मी तुह्यासमोर हातात घेतच नाही, आई. लहान होती तेव्हापासून. मी काही घेतलं का तूही तसंच घेते, अन् मंग ते माहं राहात नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी ती गुलाबी, गुलाबी करायची म्हणून मी ढीगभर गुलाबी आणलं होतं, घरच्या पडद्यांपर्यंत. तो रंग तिला कधीच आवडला नव्हता, हे आज कळलं.

साक्षगंधाला कोशाच्या साडीत ती इतकी शोभली की साऱ्या बाया विचारत होत्या, कोणी निवडली. "आईनं," मुलीने सांगितलं. तेवढ्यात मुलाची आई माझ्याजवळ येऊन बसली. लग्नाचा शालू घ्यायचा होता त्यांना. "पोरीले रंग कोणता आवडते, बाई?"

मी बहिणीकडे पाहिलं. तिने जराही न अडखळता सांगितलं. आयुष्यात इतकी मी कुणावर जळले नाही.