स्कायलॅब आणि बियाण्याचे मूग

१९७९ च्या आषाढात, झरीला, आमच्या घरचे बियाण्याचे मूग चुलीवर चढणार होते. अमेरिकेनं आकाशात सोडलेलं स्कायलॅब नावाचं घराएवढं यान खाली येणार, असं रेडिओ सांगत होता. कुठं पडेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी पेरणी थांबवली. "मरायचंच हाय तर पोटभर खाऊन मरू," म्हणाले, आणि राखेत जपलेल्या मुगाचं मडकं बाहेर काढायला लावलं.

मी दहावी शिकलेली, चार महिन्यांची नवी सून. मध्ये तोंड घालायची सोय नव्हती. सासूबाईंनीच मूग पाखडता पाखडता हळूच विचारलं, "पोरी, तू पेपर वाचायलीस. त्या स्कायलॅबला कुणी ढकललं गं?"

"कुणी ढकलंना म्हणून तर खाली यायलंय, आत्याबाई. तितक्या वर बी हवा असती, लय विरळ. तिच्यातून पळताना ते अडतं, जरा खाली येतं. खाली हवा दाट, मग आणखी अडतं. मधूनमधून वर रेटावं लागतं, ते राहून गेलं. त्यात सूर्य जास्त खवळला, हवा तापून फुगली, वर दाट झाली."

सूप थांबलं. "म्हंजी वारंच आडवं आलं. देवाचा कोप न्हाई?"

"न्हाई."

"आपल्यावर पडल का?"

खोटा धीर देणं सोपं होतं. मला जमलं नाही. "ते मला सांगता येत न्हाई."

त्यांनी सुपातले मूग परत मडक्यात ओतले. मग म्हणाल्या, "मंग पेरलेलं बरं. न्हाई पडलं तर खायचं काय?"

सासरे भडकले. आत्याबाईंनी मडकं डोक्यावर घेतलं नि शेताची वाट धरली. मी त्यांच्या मागं. थोड्या वेळानं धुसफुसत सासरेही तिफण घेऊन आलेच. आम्ही दोघींनी आळीपाळीनं तिफणीच्या चाड्यात मूठमूठ बी सोडलं. मध्येच आत्याबाई आभाळाकडं बघायच्या, आणि मग माझ्याकडं. मी चुकले असेन तर, हा विचार करतच मी पुढची मूठ सोडायची.

स्कायलॅब दूर समुद्रापलीकडं पडलं. मूग मात्र आमच्या शेतात उगवले.

आमच्या घरी पहिल्या शेंगा पोखर्णीच्या नरसिंहाला जातात. त्या वर्षी आत्याबाईंनी त्यातल्या ओंजळभर बाजूला काढून माझ्या पदरात टाकल्या. "देवाला सांगीन मी," म्हणाल्या. "तुला ठाऊक नव्हतं, ते ठाऊक न्हाई म्हणूनच सांगितलंस. म्हणून बाकीचं खरं वाटलं."

पुढं सगळ्या घरानं माझं ऐकलं. पण पहिल्यांदा आत्याबाईंनी ऐकलं, आणि तेही डोक्यावर आभाळ पडायची भीती असताना. मी त्यांची जन्माची ऋणी आहे.