विहिरीवरल्या हापूसचे कलम

दिवाळीच्या सुट्टीत पावसला मामाकडे जायचे ठरवले, तेव्हा आईला कारण सांगितले भाऊबिजेचे. खरे कारण विहिरीवरला हापूस होता. मी चिपळूणला मुलींच्या शाळेत शिकवते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. पण माझी पहिली अक्षरे त्या झाडाखालची. मामा तेव्हा बोटीवर खलाशी होता. रजेवर आला की पोफळीची गळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद साल, घ्यायचा, तिच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर कोळशाने 'ग' काढायचा, आणि मी झाडाच्या मुळावर बसून गिरवायची. त्या झाडाचे एक कलम मला माझ्या खोलीच्या दारात लावायला हवे होते.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघाले. कोणी जाणार असेल तर ड्रायव्हरच्या मागची जागा धरावी. शेवटच्या बाकावर संगमेश्वरच्या वळणांत पोट ढवळून निघते. तिकीट हरवेल म्हणून मी ते चार वेळा चाचपून पाहिले. रत्नागिरीहून भाट्याची खाडी होडीने ओलांडायची, माणशी एक आणा. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. मला हे सुचले नाही आणि पलीकडे पोटरीभर चिखलात उतरावे लागले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला.

"मास्तरीणबाय, वहीत लिवून ठेवा," होडीवाला म्हणाला, "ओहोटी बघून घरातनं निघावं." होडीतल्या कोळणी खो खो हसल्या. मी मास्तरीण आहे हे त्याला कसे कळले, याचीच मला पुढे कातळाचा उंच सडा चढेपर्यंत काळजी लागली होती. सड्यावरून पावसपर्यंत बैलगाडी मिळते, पण ती फार हळू चालते.

"आलीस गो बाय! वाळलीस किती!" मामा ओटीवरूनच ओरडला. बोट सोडून तो आता घरीच असतो. पाय धुवायच्या निमित्ताने मी थेट विहिरीवर गेले. झाडाला बांबूंचे माचाण बांधले होते. त्यावर मडक्यांत कोयीपासून उगवलेली रायवळ आंब्याची रोपे, आणि एकेक रोप हापूसच्या एकेका फांदीशी भिडवून बांधलेले. दोन-अडीच महिन्यांनी सांधा जुळला की फांदी कापून कलम उतरवतात. माचाणावर उभी राहून मडक्यांना पाणी घालत होती वहिनी, माझ्या मामेभावाची बायको. भाऊ मुंबईला गिरणीत असतो; दिवाळीला त्याला रजा मिळाली नव्हती.

"वन्सं, वर येऊ नका हां. बांबू हलतो, पडाल."

माझ्या झाडावरून मला पडाल म्हणत होती!

रात्री जेवायला कुळथाची पिठी आणि भात होता. मामा म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या हाताला गुण हाय. गावात आता सुनेचा आंबाच म्हणतात त्याला." मी ताट बाजूला सारले.

सकाळी पाहते तर त्याच मुळावर वहिनी बसलेली, मांडीवर विरी, हातात कोळसा, आणि मामा शेजारी बोट दाखवतोय. मला बघताच तिने विरी पदराखाली घेतली.

"हसू नका, वन्सं. मामंजींना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ह्यांचं पत्र आलं की टपालवाला अंगणात उभा राहून मोठ्यांदा वाचतो. सगळी वाडी ऐकते. काय लाज वाटते म्हणून सांगू!"

सुनांना शिकवा, असे मी शाळेत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. मला आनंद व्हायला हवा होता. मी विरी ओढून घेतली, पाहिली आणि म्हटले, "'ल' चुकला आहे." 'ल' चुकला नव्हता. तिने तो पुसून पुन्हा काढला, अगदी तसाच.

तिसऱ्या दिवशी निघताना मी मामाला म्हटले, "मला एक कलम दे. आत्ताच."

"सांधा कच्चा हाय, वन्सं," वहिनी म्हणाली. "नवरात्रात तर बांधली. मार्गशीर्षात मी धाडते ना गाडीवानाबरोबर."

"हे झाड तुमच्या आधीपासून मला माहीत आहे," मी म्हटले.

मामाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बायला नाय कसं म्हणू? काप गो."

तिने कापले. सांध्याभोवती ओले फडके गुंडाळले, मडके माझ्या हातात दिले आणि वाटेसाठी भाकरीही बांधून दिली.

परतीच्या मोटारीत मडके मांडीवर होते. संगमेश्वर येईतो पाने लोंबू लागली. आठव्या दिवशी हापूसची काडी काळी पडली. बांधलेल्या जागेखाली रायवळ रोपाला मात्र तांबूस पालवी फुटली. ते जगेल. पण त्याचा विहिरीवरल्याशी काही संबंध नाही. कलम आणायला जाणाऱ्यांनी मार्गशीर्ष उलटल्यावरच जावे, आणि तोवर हातावर हात ठेवून बसणे जमत नसेल तर जाऊच नये.

मामाला पत्र लिहायला घेतले आणि फाडले. मग वहिनीला लिहिले, मोठ्या, सुट्या अक्षरांत: 'कलम सुकले. घाई माझी. ल बरोबर होता.' एवढे लगेच जमले. 'आंबा तुमचा' हे दोन शब्द लिहायला दोन दिवस गेले. शेवटी सगळ्यात वर लिहिले, 'हे तुमचे तुमीच वाचा.' शुद्धलेखन चुकवून लिहिले, तिला सोपे जावे म्हणून. असे मी आयुष्यात पहिल्यांदा केले.

ती ते कुठे बसून वाचेल हे मला ठाऊक आहे. त्या विचाराने अजूनही जीव जळतो. पत्र मात्र पेटीत टाकले.