विषय : इतर

कसब्यातले यज्ञेश्वर दामले वाहतूक संशोधन कार्यालयाचे ग्रंथपाल, आणि तोरा असा की विचारू नका. कुणी जुना अहवाल मागितला की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आपण बसा. मी आहे ना!" तीस वर्षं हा थाट चालला. मग सगळे अहवाल संगणकावर चढवायचं ठरलं. जुन्या अहवालांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. म्हणून प्रत्येकापुढे विषय लिहायचं काम यज्ञेश्वररावांकडे आलं, म्हणजे शोधणाऱ्याला ते चटकन सापडावेत. झालं, गृहस्थांच्या पोटात दुखलं! सगळं यंत्रच सांगणार, मग आपल्याला कुत्रं तरी विचारेल का? चारशे अहवालांपुढे त्यांनी एकच शब्द टाकला : 'इतर'.

संगणकावर काही सापडेना, तसे लोक पुन्हा त्यांच्याच टेबलाशी येऊ लागले. पण उल्का नावाची नवी इंजिनिअर आली, ती संगणकालाच विचारायची.

एके दिवशी निवृत्त संभाजी पेन्शनच्या कागदासाठी बिबवेवाडीहून आले होते. पूर्वी ते याच कार्यालयासाठी चौकाचौकांत उभं राहून वर्दळ मोजायचे. उल्का कुणाला तरी सांगत होती, "स्वारगेटला पायी चालणाऱ्यांची मोजणी आजवर झालीच नाही."

"आवं ताई, मी केलीय की! सत्त्याऐंशी साली, अकरा दिवस, भर उन्हात."

"आजोबा, सिस्टिममध्ये तसं काहीच नाही. दुसरा चौक असेल."

"स्वारगेटच! ह्ये दामलेसाहेब सांगतील. सांगा की साहेब."

तिसरं कपाट, वरचा खण. यज्ञेश्वररावांना जागासुद्धा ठाऊक होती. पण खरं बोलावं तर 'इतर'चं बिंग फुटणार. ते कागदात डोकं घालून पुटपुटले, "जुनी गोष्ट आहे. नक्की आठवत नाही."

संभाजी ओशाळून हसले. "मग माझीच काय तरी गफलत झाली आसंल." आणि कागद न घेताच निघून गेले.

छे! त्या हसण्याने यज्ञेश्वररावांना अन्न गोड लागेना. आरशात बघायची लाज वाटू लागली. चौथ्या दिवशी अहवाल काढून त्यांनी उल्कापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे चारशेही अहवाल?" त्यांनी मान खाली घातली.

संध्याकाळी तो अहवाल घेऊन ते बिबवेवाडीला गेले. पहिल्याच पानावर आपलं नाव बघून संभाजींचा चेहरा उजळला. त्यांनी बायकोला हाक मारली. "सोजर, बघ गं! साहेबांनी हुडकून आणलं!"

"हुडकलं नाही हो," यज्ञेश्वरराव कसेबसे म्हणाले. "कुणाला सापडू नये असं मीच करून ठेवलं होतं. त्या दिवशीही मला सगळं आठवत होतं."

संभाजी पानावरच्या नावावरून बोट फिरवत राहिले.

सोजरबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "चार दिस झालं, ह्ये रोज इचारत्यात, सोजर, मी खरंच हुतो का गं तिथं? पोरं म्हनाली, म्हाताऱ्याला चळ लागला, डाक्टरला दावा. उद्याचा नंबर लावलाय." त्या थांबल्या. "घ्या साहेब, च्या निवतोय."