आरशातल्या जांभया

तिसऱ्या जांभईला संतानमनं व्हिडिओ थांबवला.

"बघा डॉक्टर. एका ट्रिपमध्ये एवढ्या. हा माणूस स्टिअरिंगवर झोपणार आणि आपण पेपरात येणार."

स्क्रीनवर सेल्वम होता, आमच्या स्टाफ बसचा ड्रायव्हर. तोंड आ वासलेलं, डोळ्यांत पाणी, तोंडासमोर उजवा हात. असा फोटो कुणाचाच चांगला येत नाही.

चेन्नईजवळ तांबरमच्या पलीकडे एका कारखान्यात मी कंपनीची डॉक्टर आहे. तिथे गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनतात आणि कामाला बहुतेक बायका-मुली. सर्दी-पडसं, कापलेली बोटं, बीपी आणि ड्रायव्हर लोकांचं फिटनेस सर्टिफिकेट, एवढा माझा कारभार. मूळची सांगलीची. आता माझी भाची म्हणते, मावशी, तू मराठी बोलतेस पण मान तमिळ हलवतेस.

संतानम आमचा सेफ्टी ऑफिसर. बसमध्ये नवे कॅमेरे त्यानेच बसवून घेतले होते. हा कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला असतो. तोंड जरा जास्त वेळ उघडं राहिलं की तो जांभई धरतो, पीं पीं वाजतो, आणि संतानमच्या कॉम्प्युटरवर लाल ठिपका उमटतो. संतानम भला माणूस, पण लाल ठिपका दिसला की त्याला जेवण जात नाही.

"आणि हा हात बघा," तो म्हणाला. "दर जांभईला स्टिअरिंगवरून काढतो. सिस्टिमने मोबाइल वापर म्हणून नोंदवलंय."

मला हसू आलं. "अहो, तो चुटकी वाजवतोय."

जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवायची, ही रीत सांगलीत आहे तशी इथेही आहे. आमची आई तान्ह्या बाळालाही वाजवायची. उघड्या तोंडातून काही आत जाऊ नये, आयुष्य बाहेर जाऊ नये, असं काहीसं. सिस्टिम बनवणाऱ्यांच्या गावी हे नसणार.

"चुटकी असो नाहीतर टाळी," संतानम म्हणाला. "हात सुटतोय ना? अनफिट लिहा. गेटवर बसवू त्याला."

"तपासल्याशिवाय मी कुणाला काही लिहीत नाही. फिटही नाही आणि अनफिटही नाही."

दुसऱ्या दिवशी सेल्वम आला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, शर्ट खळ घालून कडक इस्त्री केलेला. खुर्चीवर टेकला तो अगदी कडेला.

"डॉक्टरम्मा, मला काय झालंय?" त्यानं विचारलं. "मी जिभेला चावतो, मिरची तोंडात धरतो, तरी कोट्टावी येतेच." कोट्टावी म्हणजे जांभई. "गेटवर मला नका बसवू. बस चालवली नाही तर मी कोण?"

हे तो रडत म्हणत नव्हता. नुसतं विचारत होता. म्हणून जास्त लागलं.

पण मी दयेवर सही करत नाही. त्या बसमध्ये पोरीबाळी असतात. घोरतो का, रात्री श्वास अडकतो का, हे त्याच्या बायकोला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "निजतो तो पाटा-वरवंट्यासारखा, आवाज नाही." सर्दीच्या गोळ्या घेतो का? त्यांनीही पेंग येते. नाही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळं तपासलं. माझ्यापेक्षा बरे रिपोर्ट होते त्याचे.

मग जांभई येते कशाला?

लोक मला हे दवाखान्यात नेहमी विचारतात आणि मी नेहमी घसा साफ करते, कारण माणूस जांभई का देतो हे कुणालाच अजून छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. शाळेत आपल्याला सांगायचे, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून. ते टिकलं नाही. कुणी म्हणतं, तापलेला मेंदू गार करायला. कुणी म्हणतं, झोपेतून जागेपणी किंवा जागेपणातून झोपेत जाताना शरीर कूस बदलतं, ती ही जांभई. पोटातलं बाळसुद्धा देतं, तिथे त्याला कसला कंटाळा? खरी डुलकी ओळखायची ती पापणीवरून. पापणी जड होते, मिटल्यावर उशिरा उघडते, मान कलते, गाडी लेन सोडते. तोंडाचं काय, ते गाण्यालाही उघडतं.

म्हणून मी संतानमला म्हटलं, व्हिडिओ पुन्हा लावा, या खेपेला पापण्या बघू. पापण्या जराही जड नव्हत्या. बस सरळ रेषेत. बघता बघता मला जांभई आली. मी तोंड झाकलं, तर शेजारी संतानमनं दिली. त्याच्यामागून मी पुन्हा.

"एसीमुळे," तो म्हणाला.

"एसीमुळे नाही. त्याची बघून आपल्याला आली." मी स्क्रीनवरच्या सेल्वमकडे बोट केलं. "पण मग त्याला कुणाची येते?"

दुपारी मी त्याच बसमध्ये चढले. पहिली शिफ्ट सुटल्यावरची ट्रिप, लाल ठिपके याच वेळचे. पुढच्याच सीटवर बसले.

ती ट्रिप मला अजून आठवते आणि आठवली की डोळे जड होतात. बाहेर ऊन पांढरं झालेलं. तळ्यातलं पाणी हलत नव्हतं, काठचे ताड हलत नव्हते. बसमध्ये पहाटे माळलेल्या मोगऱ्याचा शिळा, गोड वास. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका एकेक करून सैल होत गेल्या. आधी बोलणं थांबलं, मग हातातल्या पिशव्या मांडीवर आल्या. कुणाचं डोकं खिडकीला, कुणाचं शेजारणीच्या खांद्यावर. झोपेआधी प्रत्येकीने एक लांब जांभई दिली आणि झोपेतच चुटकी वाजवली. रांगेतून चुटक्या मागे जात होत्या. समुद्राचा वारा त्या वेळी शहरात शिरतो, तो वंडलूरच्या पुढे खिडकीतून आला आणि सगळी बस एकाच वेळी श्वास घेते आहे असं मला वाटलं. मी सांगलीत आईशेजारी पडले होते की चेन्नईत होते, क्षणभर कळेना.

पीं पीं.

सेल्वमने जांभई दिली होती. मी दचकून वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर आतला मोठा आरसा होता, आणि आरशात रस्ता नव्हता. अख्खी बस होती, झोपलेली.

पेरुंगळत्तूर आलं. त्यानं दोनदा हॉर्न दिला आणि आरशात बघून हाक मारली, "मल्लिगा, उठ गं. पिशवी विसरू नकोस." चौथ्या रांगेतली एक पोरगी डोळे चोळत उतरली. प्रत्येक स्टॉपला हेच. कोण कुठे उतरते, कोण कुठल्या खिडकीला झोपते, कुणाला एका हाकेत जाग येते आणि कुणाला तीन लागतात, सगळं त्याला पाठ.

शेवटचा स्टॉप झाल्यावर मी विचारलं, "हा आरसा असा कुणी लावला?"

"मीच. एकदा एक पोरगी झोपून राहिली. मला दिसलीच नाही. डेपोत जागी झाली, अंधारलेली रिकामी बस, कुणी नाही. फार रडली. तेव्हापासून सगळ्या मला दिसायला हव्यात." तो आरशाकडे बघत होता. रिकाम्या सीटकडे. "झोपलेलं माणूस आपल्या हवाली असतं, डॉक्टरम्मा."

जांभई एकाची दुसऱ्याला लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती परक्यापेक्षा आपल्या माणसाची लवकर लागते असंही म्हणतात. हा माणूस रोज दुपारी बसभर पोरींच्या जांभया झेलत होता आणि त्याबद्दल आम्ही त्याला गेटवर बसवायला निघालो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तरी खात्री हवी. आठवडाभर कामाची वेळ, रस्ता, ऊन तेच ठेवून त्याला बस रिकामी चालवायला लावली. बायकांना दुसरी बस दिली. लाल ठिपका एकही नाही. सकाळच्या ट्रिपलाही कधी नसायचा, कारण तेव्हा आत अंधार असतो आणि आरशात कुणी दिसत नाही.

मी फिट लिहिलं. संतानमनं कागद दोनदा वाचला.

"जांभई झोपेची नाही, पटलं," तो म्हणाला. "पण हात सुटतो. आणि नजर आरशात जाते तेवढा वेळ रस्त्यावर नसते."

ते बरोबर होतं, मलाही नाकारता येईना. शेवटी धनम अक्का पुढे झाल्या. असेंब्ली लाइनवरच्या सगळ्यात जुन्या, शेवटच्या स्टॉपला उतरणाऱ्या. "मला दुपारची झोप येतच नाही, मी उठवते सगळ्यांना," म्हणाल्या. आरसा फिरवून नुसत्या दाराकडे लावला. चुटकीचं सेल्वमने कबूल केलं, सिग्नलला थांबल्यावरच वाजवीन.

ठिपके बंद झाले. संतानम पोटभर जेवू लागला.

महिन्याने सेल्वम बीपी दाखवायला आला. बीपी उत्तम. तरी उठेना.

"आता जांभई येत नाही ना?" मी विचारलं.

"नाही, डॉक्टरम्मा." मग शर्टाची बाही खाली करत म्हणाला, "गाडी रिकामी चालवल्यासारखं वाटतं."

मी त्याला काय औषध देणार? म्हटलं, येते मी एकदा.

त्या दुपारीच गेले. तेच ऊन, तोच मोगरा. तांबरमला धनम अक्कांनी चौथ्या रांगेत मल्लिगाशेजारी बसणाऱ्या पोरीला हलवून उठवलं. ती अर्धवट झोपेत दारापर्यंत आली, दांडी धरली, आणि उतरायच्या आधी तिने आरशात बघून सेल्वमला एक भलीमोठी जांभई दिली. मुद्दाम, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. बस थांबलेली होती. सेल्वमचं तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, चुटकी वाजली. पीं पीं. मागून कुणीतरी हसलं. म्हणजे सगळ्या झोपल्या नव्हत्या.

आठवड्याने संतानमचा फोन आला. "डॉक्टर, तांबरमला रोज एक ठिपका यायला लागलाय. काय लिहू?"

"फिट लिहा," मी म्हटलं आणि फोनवरच जांभई दिली. पलीकडून त्याचीही ऐकू आली.

एवढ्या वर्षांच्या डॉक्टरकीत शिकले ते इतकंच. माणसाला जांभई आली तर तो किती झोपला हे जरूर विचारावं, पण त्याआधी तो कुणाकडे बघत होता ते विचारावं.