पहिल्या दिवशी आणलेला खेळ

नंदू गेल्याचा फोन मंगलवहिनींनी स्वतः केला. सकाळचे सव्वासात वाजले होते, मी कंपनीच्या बसमध्ये होतो, निघोजेचा फाटा मागे पडला होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात रडं नव्हतं. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि त्या कारणापायी त्या एकदा माझ्याशी दहा दिवस बोलल्या नव्हत्या, हेही ठाऊक होतं. आज त्या फोनला आठ आठवडे झाले.

चाकणच्या ज्या कारखान्यात आम्ही सोळा वर्षं एकत्र काढली, तिथे नंदू तपासणी विभागात होता आणि मी भांडारात. तो अहमदपूरकडचा. पंचवीस वर्षं चिंचवडला राहूनही त्याचं बोलणं तिकडचंच राहिलं. वय सत्तेचाळीस, आणि व्हिडिओ गेम खेळायचा. हे सांगितलं की लोक हसत. तो लाजत नसे. पहिली पाळी संपवून घरी आला की चहा घ्यायचा, आंघोळ करायची आणि पावणेपाच ते सव्वापाच खेळायचं. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. त्या वेळी मी तीन-चारदा त्याच्या घरी गेलो आहे. मला बसायला सांगून तो खेळ पुरा करायचा, मगच बोलायचा.

खेळांपेक्षा त्याची खेळांबद्दलची मतं कारखान्यात जास्त प्रसिद्ध होती. कॅन्टीनमध्ये नवी पोरं त्याला घेरून विचारत, भाऊ, नवा कन्सोल आलाय, घेऊ का? तो आधी टीव्ही किती इंचाचा आणि दिवसाला वेळ किती मिळतो, हे विचारायचा. मग ठरलेलं उत्तर द्यायचा, की कन्सोलच्या पहिल्या वर्षाचा माल घ्यायचा नाही. नव्या डायमधून निघालेला पहिला पीस आपण गिऱ्हाइकाला पाठवतो का? तापतो किती, पंखा वाजतो किती, हे बाकीच्या दुनियेला तपासू दे. डिस्क घालायची फटच नसलेले कन्सोल निघाले, तेव्हा तो आठवडाभर चिडलेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. डिस्क कपाटात राहते, भावाला देता येते, मित्राकडून आणता येते. डाउनलोड केलेला खेळ दुकानदाराच्या मर्जीवर तुमच्याकडे असतो. मोबाइलवरच्या खेळांना तो खेळच म्हणत नसे. दर दोन मिनिटांनी पेटी उघडायला लावणारी ती लॉटरी आहे, म्हणायचा. दोनशे तासांचा म्हणून मिरवणाऱ्या खेळाला त्याचा ठरलेला टोला होता, "डाळीत पाणी वाढवलं की पंगत मोठी होत नाही, राव." खेळ तुफान खपूनही तो बनवणाऱ्यांनाच कामावरून काढल्याच्या बातम्या वाचल्या, की मात्र तो गप्प व्हायचा. आमच्याकडेही तसं घडलेलं होतं.

पण त्याचा सगळ्यात पक्का नियम वेगळाच होता. कुठलाही खेळ बाजारात आल्यापासून सहा महिने घ्यायचा नाही. हल्ली खेळ अर्धवट विकतात आणि दुरुस्त्या मागाहून पाठवतात, म्हणून. सोळा वर्षांत हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. कितीही मोठं नाव असो, किती वर्षं वाट पाहिलेली असो... सहा महिने.

गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली, आणि तपासण्यांमधून स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन तीन ते चार महिने सांगितले. नंदूला सांगायचं नाही, असं घरात ठरलं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच ठरतं आणि त्यात प्रेमच असतं. कावीळ उतरलीय, अशक्तपणा आहे, हळूहळू भरून येईल... भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला वहिनी दारातच हे पढवायच्या. मीही पाठ करून जायचो. तो काय विचारेल आणि आपण काय सांगायचं, याची उत्तरं सांगवीच्या माझ्या घरून निघतानाच जुळवून ठेवायचो.

घोड्यावरून डोंगराळ मुलखात टपाल पोचवायचा एक खेळ येणार येणार म्हणून नंदू तीन वर्षं वाट पाहत होता. तारीख दोनदा पुढे गेली होती. शेवटी खेळ एका शुक्रवारी बाजारात आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पिंपरीच्या दुकानातून डिस्क घेतली आणि तडक त्याच्याकडे गेलो. मनात फक्त आनंद होता. हिशेबी माणूस म्हणून मी ओळखला जातो, पण त्या दिवशी साधी वजाबाकी माझ्या ध्यानात आली नाही.

त्यानं डबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. वार कोणता, विचारलं. मी शुक्रवार म्हणालो. मग बराच वेळ तो डबीवरच्या प्लास्टिकवरून अंगठा फिरवत राहिला.

"काळे, सोळा वर्षं तुला सांगायलोय, सहा महिने थांबायचं. अन् तू पहिल्या दिवशी घेऊन आलास." तो माझ्याकडे पाहत होता. "माझ्याकडं सहा महिने नाहीत, म्हण की."

सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी जुळवली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. सहज आणली रे, एवढं म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं...

"नाहीत," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना तो म्हणाला, "मंगल, हितं ये. रडायचं असंल तर माझ्यासमोर रड. रोज मोरीत जाऊन नळ सोडायलीस, पाणी किती वाया जायलंय."

मी कधी उठलो, कसा घरी आलो, आठवत नाही. वहिनींनी दहा दिवस माझा फोन घेतला नाही. त्यांचा राग बरोबर होता. त्यांनी जिवापाड झाकलेलं मी एका डबीनं उघडं केलं होतं. अकराव्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्या दोघांनी त्या दिवसांत आधीच्या वीस वर्षांपेक्षा जास्त बोलणं केलं, असं त्या म्हणाल्या. दोघं गावी जाऊन आले होते. नाटक करून दोघंही दमले होते, हे दोघांनाही उशिरा कळलं होतं. "या, भाऊजी. ते तपासणीला बसलेत."

खरंच बसला होता. लोडाला टेकून, हातात कंट्रोलर, शेजारी रेघा आखलेला कागद. मी म्हटलं, नियम मोडलास म्हणायचा. तर म्हणाला, "नियम इकत घ्यायपुरता हाय. इकत तू घेतलास. मी फक्त तपासायलोय." कागदावर कारखान्यातल्यासारखेच रकाने होते. अनुक्रमांक, दोष, कुठे आढळला, शेरा, फेरतपासणी. घोडा पुलातून खाली पडतो. पावसात सावली पडते. टपाल पोचवलं तरी म्हातारी पोचलं नाही म्हणते. प्रत्येक दोष सापडला की त्याचा चेहरा उजळायचा. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा तो आनंद होता आणि तो त्यानं लपवला नाही. पुढे अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, मग दहा. यादी एकतिसावर थांबली. सहा महिन्यांत यातले किमान वीस दुरुस्त होतील, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं आणि शेवटचा रकाना माझ्यासाठी कोरा ठेवला. मला घोडा चालवायलाही त्यानंच शिकवलं. माझा घोडा भिंतीला धडकला की वहिनी आतून हसायच्या.

डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त, खेळ आला त्या शुक्रवारपासून अठरा आठवडे त्यानं काढले. अठरा आणि आठ, सव्वीस. गेल्या रविवारी सहा महिने पुरे झाले, म्हणून मी कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कन्सोल लावला, मधल्या सगळ्या दुरुस्त्या उतरवून घेतल्या, आणि चहा ठेवून शेजारी बसल्या. मी एकेक ओळ तपासत गेलो. पूल धरून राहिला. म्हातारीनं टपाल घेतलं. दुपारपर्यंत चोवीस दोष दुरुस्त झालेले भरले. त्याचा अंदाज खरा निघाला.

एकोणिसावी ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिथे नंदूनं लिहिलं आहे, "घाटाखालच्या गावात कौलांवर बैल उभा आहे. कसा चढला कळत नाही. कोणाला त्रास नाही." आणि शेऱ्यात, "आहे तसा पास." अख्ख्या यादीत पास केलेला तेवढा एकच दोष. शेवटी शेवटी दहा मिनिटांतली दोन तो त्या बैलाकडे पाहण्यात घालवायचा, हे वहिनींनीच मला सांगितलं होतं. मी घोडा त्या गावात नेला. कौलं मोकळी होती. बैल खाली अंगणात, इतर बैलांसारखा गवत खात उभा होता.

"उतरवला व्हय त्याला," वहिनी म्हणाल्या. "कुणी सांगितलं होतं?"

मी कागद गुडघ्यावर घेतला. एकोणिसाव्या ओळीत, फेरतपासणीच्या रकान्यात 'नापास' लिहिलं आणि पुढे सही केली.