निकेशचं रडून झालंय

आमच्या सोसायटीतला निकेश कशालाही घाबरत नाही. हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे आणि ते तो दर रविवारी दुपारी, जेवून हात धुतल्याबरोबर, काही हजार लोकांना ऐकवतो. उलव्यातल्या सातव्या मजल्यावर, पडदे ओढून, कानांवर नारळाच्या दोन करवंट्यांएवढे हेडफोन चढवून तो भुतांचे गेम खेळतो. बंदूक आपल्या हातात, समोर अंधार, आणि अंधारातून काय येईल त्याला गोळी घालायची, अशा जातीचे. हे सगळं इंटरनेटवर थेट दिसतं, चॅनलचं नाव ‘निकेश नाय घाबरत’. भुतांची खरी वेळ रात्रीची, पण रात्री निकेशला दहालाच झोप लागते, त्यामुळे जगभरच्या भुतांना त्याच्यासाठी रविवार दुपारची पाळी करावी लागते.

देह असा की भूत अंगावर धावून आलं तर लागेल भुतालाच. चेहरा भिजवून विसरलेल्या पोह्यांसारखा, शांत आणि फुगलेला. जीभ मात्र मासे साफ करायच्या कोयत्याची. गेमला तो गुण देत नाही, सुके बोंबील देतो. पाच बोंबील म्हणजे उत्तम. आजवर पाच कोणाला मिळालेले नाहीत. चार पोरांनी तीन वर्षं जागून केलेला गेम निकेश चहा निवायच्या आत सोलतो, आणि लोक बघायला येतात ते ही सोलाई. गेम कोणता याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं.

त्याचे दोन नियम होते. पहिला, शेवट बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. दुसरा, गेम चालू असताना कानांवरून हेडफोन काढायचे नाहीत. ज्या दिवशी भीतीने हेडफोन निघतील त्या दिवशी चॅनल बंद. ही शपथ चॅनलच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती आणि निम्मे लोक ती मोडायची वाट बघत होते.

घरात पूर्वी बायको होती, अमिता. ती ठाण्याला माहेरी गेली ती गेली. जाताना शेजारणीला म्हणाली, “घरात भूत असतं तर निदान बोललं तरी असतं.” आता घरात निकेश आणि त्याची आत्या बयाबाई. निकेशची आई लवकर वारली, तेव्हा विधवा बयाबाईंनी त्याला वाढवला. विमानतळासाठी गाव उठला तेव्हा माणसं फ्लॅटमध्ये आली, आणि बयाबाई गॅलरीत दोरीवर बोंबील वाळत घालून सोसायटीच्या नोटिसा गोळा करू लागल्या.

गाव उठला तरी बयाबाईंचं काम उठलं नाही. त्यांच्याकडे मयत झालं की बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. मेलेल्या माणसाला त्याचंच आयुष्य सुरात सांगतात. पण पहिला सूर कोणीतरी उचलावा लागतो, आणि तो मान बयाबाईंचा. त्या येऊन उशाशी बसल्या, पहिला “रं” ओढला, की अंगणात प्लॉटच्या वाटण्या बोलणारे मुलगेसुद्धा रुमाल शोधायला लागत. आणि या रडण्यात खोटं चालत नाही. मेलेला दारू पीत असेल तर दारू येते, वजनात मारत असेल तर तराजू येतो. “मेलेल्या मानसाला राग येत नाय,” बयाबाई म्हणतात, “म्हनून तवाच सांगाचा.”

आता गेमकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी ‘खाडी’ नावाचा गेम आला होता. दिघ्याच्या संघमित्राने दोन मैत्रिणींना घेऊन तुर्भ्याच्या एका गाळ्यात तो केला. एका बाजूला ट्रकचे टायर, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यांचं गोदाम आणि मध्ये यांचं भूत. तुम्ही मिठागराचे रखवालदार, हातात बंदूक, आणि बांधावर एक बाई तुमच्याकडे पाठ करून रडतेय. निकेशने ती बाई ऐकली आणि म्हणाला, “हे भूत रडतंय, का वरच्या मजल्यावर कोनी मिक्सरमध्ये चटणी वाटतंय?” दिला अर्धा बोंबील. ते वाक्य इतकं पसरलं की तुर्भ्यातले ट्रकवाले त्या गाळ्याला ‘मिक्सरवाले’ म्हणू लागले. एक मैत्रीण गेम सोडून विम्याच्या कंपनीत गेली. संघमित्रा राहिली आणि तिने दुसरा भाग करायला घेतला, खरं रडणं मिळवायचंच असं ठरवून.

ते तिला गाळ्याच्या मालकाचे वडील वारले तेव्हा मिळालं. बयाबाई आल्या, सूर लागला, आणि मयताच्या घरात एकटी संघमित्रा आनंदी झाली.

तिने त्यांना तुर्भ्याला नेलं, गादी लावलेल्या बंद खोलीत माईकसमोर बसवलं.

“मेलाय कोन?” बयाबाईंनी विचारलं.

“कोणी नाही, मावशी. खेळ आहे.”

“मंग रडू कोनाला?”

संघमित्राने समजावलं. खेळणारा सुरुवातीला आपलं नाव टाकतो. मग भुताने त्याच्याच नावाने रडायचं. म्हणून इकडची नेहमीची नावं काढलीयत, भावेश, आकाश, सनी. निकेश हे नाव तिने मुद्दाम घातलं होतं. तो निकाल देणार, तर त्याला जरा मान दिल्यासारखं होईल. हा निकेश मावशींच्याच घरात जेवतो हे तिला माहीत नव्हतं, आणि हा खेळ आपल्या भाच्याच्या खोलीत येणार हे मावशींना माहीत नव्हतं.

“नावाला कोन रडतं गो?” बयाबाई म्हणाल्या. “मानसाला रडतात. मानूस दाव.”

माणूस दाखवायला नव्हता. बयाबाईंनी थोडा वेळ मिश्री लावली, विचार केला, आणि काम अडू नये म्हणून प्रत्येक नावाला आपल्या ओळखीतला एक माणूस धरला. जिवंत, चांगला हिंडताफिरता. आणि त्याला मेलेला समजून मनापासून रडल्या. संघमित्राला वाटलं हे जुनं पारंपरिक काहीतरी असणार. ती स्वतःच इतकी रडली की शब्दांकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

गेम बाहेर आला त्या रविवारी सुरमईचं जेवण झालं. बयाबाई हॉलमध्ये बोंबलांना मीठ लावायला बसल्या आणि निकेश खोलीला कडी घालून ‘खाडी’चा दुसरा भाग घेऊन बसला.

“भाग दोन म्हनजे काय,” त्याने लोकांना सांगितलं, “पयल्या भागात जे जमलं नाय ते मोठ्या आवाजात.”

लोक खूश. पुढचा तासभर निकेश रंगात होता. चिखलातून सांगाडे निघाले, त्यांना गोळ्या घातल्या. “हा मेलेला मानूस आहे का जीमवाला?” एक खेकड्यासारखं तोंड असलेला राक्षस आला. “हा परवा मार्केटला बघितला, महाग होता.” टॉर्चचा उजेड कमी म्हणून, “टॉर्च रेशनवर घेतलाय काय, मिक्सरताई?” असं करत तो बांधाच्या शेवटच्या फाटकापाशी आला. तिथे ती बाई बसली होती, पाठ करून.

“चला,” निकेश म्हणाला, “चटणी वाटा.”

आणि बाईने सूर उचलला.

“निकेशा रं, सातव्या मालंवरचा राजा रं,
पाच वर्सांचा आनला तुला, मासलीचा काटा काढून भरवला तुला रं,
आता खोलीला कडी घातलीस, हाक मारून माजा गला बसला रं.”

निकेशचा हात माउसवर थांबला. लोकांना आधी कळलं नाही, मग हळूहळू कळलं. गावातला चुलतभाऊ भावेश बघत होता, त्याने खाली लिहिलं, “दादा, ही आपली बया आत्याच ना?” त्यानंतर खालच्या ओळी बाजार उठल्यासारख्या पळायला लागल्या.

“माजा डोला पांढरा झाला, डागदरची तारीख तीनदा गेली,
तू भुतं मारीत बसलास रं.
अमिता बॅग घेऊन दारात उभी र्‍हायली,
तू कानावरचं डबं नाय काढलंस रं.”

“हेडफोन तेव्हापासूनचे आहेत,” कोणीतरी लिहिलं. “शपथ खरी आहे.”

“लोकांच्या पोरांची मापं काढलीस,
तुज्या तिरडीला खांदं तीन रं, चवथा भाड्याचा आनला रं.”

“चौथा मी येतो, रिक्षाचे पैसे दे.” “पाच बोंबील आत्याला.” “दादा, मिक्सर चालू आहे का?”

निकेशने गोळी घातली.

बाई गप्प झाली. मिठागरावर वारा सुटला. मग तिने पाठमोरीच राहून पहिल्यापासून सुरुवात केली, “निकेशा रं, सातव्या मालंवरचा राजा रं.” संघमित्राने गेम तसाच बांधला होता. रडणं शेवटपर्यंत ऐकलं तर फाटक आपोआप उघडतं. मध्ये गोळी घातली तर पुन्हा पहिल्यापासून. निकेशने दुसऱ्यांदा गोळी घातली. पुन्हा पाच वर्षांचा झाला, पुन्हा मासळीचा काटा, पुन्हा अमिता दारात. तिसऱ्यांदा घातली. चौथ्यांदा तिच्या तोंडून “सातव्या” निघालं आणि निकेशचा हात कानाकडे गेला. हजारो लोक त्या हाताकडे बघत होते. हात कानापाशी थांबला, खाली आला, टेबलाखाली गेला आणि भिंतीतली वायर उपटून बाहेर आला.

पडदा काळा. हेडफोन कानांवरच. शपथ शाबूत.

तो तसाच हॉलमध्ये आला, हेडफोनची वायर मागे शेपटीसारखी ओढत. बयाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मिठाच्या हातानेच एका कानावरची करवंटी उचलली आणि विचारलं, “जेवन जास्त झाला काय रं?”

“आत्या, तू मला रडलीस?”

“कवा?”

“तुर्भ्याला. माईकवर.”

“हां, ती पोरीचं काम,” बयाबाई म्हणाल्या. “बरी रडली ना? पोरगी गुनाची हाय. जेवू घातला, रिक्षाने सोडला.”

“अगं, मी जिवंत हाय.”

“आता मना काय ठाव? खोली लावलेली असते.”

निकेश खाली बसला, बोंबलांच्या सुपाशेजारी. “सगळं जगाने ऐकलं,” तो म्हणाला.

“मंग बरं झाला. जास्त मानसा जमली.”

“आत्या, मी खरंच मेलो तर नीट रडशील ना? जरा चांगलं?”

बयाबाईंनी एक बोंबील उलटा केला. “एका मानसाला एकदाच रडतात, पोरा,” त्या म्हणाल्या. “तुजं रडून झालंय.”

संध्याकाळी निकेशने निकाल दिला. लाईट गेली होती असं सांगितलं आणि अर्धा बोंबील दिला. “रडनं ओव्हर आहे. शेवट फसलाय.” त्यावर संघमित्राने एकच ओळ लिहिली, “निकेशदादा, लाईट आली की शेवट ऐका.” शेवट न बघता निकाल दिला हे त्या ओळीने सगळ्यांना कळलं. शपथ वाचली आणि पहिला नियम गेला.

मग लोकांनी ‘खाडी’चा दुसरा भाग विकत घ्यायला सुरुवात केली, आणि सुरुवातीला नाव विचारलं की प्रत्येक जण स्वतःचं सोडून ‘निकेश’ टाकू लागला. तुर्भ्याच्या ट्रकवाल्यांनी ते रडणं फोनच्या घंटीला लावलं, त्यामुळे पुठ्ठ्याचा माल आला की निकेश मरतो. मिक्सरवाल्यांचा गाळा आता ‘आत्याचा गाळा’ झाला. आमच्या सोसायटीतली पोरं लिफ्टमध्ये त्याला तीन बोटं दाखवतात. वॉचमन जरा सभ्य आहे, तो फक्त विचारतो, “सर, चौथा मिळाला का?” अमिताने ठाण्याहून कळवलं की तिने गेम पूर्ण केला आणि शेवट तिला आवडला. काय आहे ते तिने सांगितलं नाही.

निकेशने संघमित्राला फोन केला. “डोळ्याचं तेवढं काढून टाक. बाकी राहू दे.”

“पुढच्या भागात बघते हां, दादा,” ती म्हणाली.

तेव्हा त्याने दुसरा उपाय केला. बयाबाईंना घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात गेला. तारीख चौथी होती, पण गेला. ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात फळांचा रस, अशा बयाबाई खाटेवर बसल्या होत्या. डॉक्टर सूचना देऊन गेले आणि निकेशने खुर्ची खाटेजवळ ओढली.

“आत्या, आता डोळा झाला. आता तरी परत रडशील?”

“कशी रडू?” बयाबाई म्हणाल्या. “डागदर आत्ताच बोलला ना, म्हैनाभर रडाचा नाय, टाके उसवतात. म्हैनाभर तू मरू नको बाबा. मेलास तरी माज्याकडनं काय नाय.”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. त्याच्याही डोळ्यावर पट्टी होती, पण आवाजावरून त्याने निकेशला ओळखलं होतं.

निकेश हळूच म्हणाला, “आत्या, शेवटाला काय म्हनलीस मला?”

“कंच्या शेवटाला?”

“रडण्याच्या. चौथ्या खांद्यानंतर.”

बयाबाईंनी रसाचा घोट घेतला. उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. “मना नाय ध्यानात,” त्या म्हणाल्या. “रडताना कोन ध्यानात ठेवतं? ऐक ना जाऊन. कान तुजेच हायत.”

दिघ्याच्या पोरांना तो शेवट पाठ आहे. ट्रकवाल्यांना पाठ आहे, अमिताला पाठ आहे, खुद्द वॉचमन गुणगुणतो. फक्त निकेशने तो ऐकलेला नाही. आता हेडफोन त्याच्याने लाववत नाहीत, ते खिळ्याला टांगलेत. गेम तो स्पीकरवर लावतो, खोलीची कडी काढून. त्यामुळे दुपारी सगळ्या मजल्याला ऐकू येतं. आधी फाटकापाशी बाई सूर उचलते. हॉलमधून बयाबाईंचा आवाज येतो, “हितं जरा घसरली, सर्दी व्हती मना.” मग पाच वर्षांचा निकेश येतो, मासळीचा काटा येतो, पांढरा डोळा येतो, अमिता बॅग घेऊन दारात उभी राहते. तिरडी उचलायला तीन खांदे जमतात. आणि चौथा येईल न येईल तोच, रोजच्या रोज, गोळी सुटते.